तुझ्या खोलीतला रेडिएटर गार का पडत होता

प्रिय आजी,

तुझ्या खोलीतला रेडिएटर का गार पडत होता, ते आज दुपारी कळलं. कळल्याबरोबर हात फोनकडे गेला, तुला सांगायला. मग फोन ठेवला आणि हा कागद घेतला. बाबाला सांगितलं तर तो म्हणणार, "झालं ना दुरुस्त? मग बस." तू विचारलं असतंस, "पण शोधलंस कसं?" ते विचारणारं आता कुणी नाही, म्हणून लिहिते आहे.

तू पानगळीत गेलीस. आता व्हिटबीच्या या घरी कॅनडाचा हिवाळा लागलाय, अंगणातला बर्फ खिडकीच्या काठाला टेकलाय. गरम पाण्याच्या रेडिएटरांनी घर सगळं उबदार, फक्त तुझी खोली गार. आणि आजोबा दिवसभर नेमके तिथेच बसतात. सकाळी अंघोळ झाली की तुझ्यासाठी दिवा लावतात, मग खुर्चीत. दोन स्वेटर, वर तुझी शाल. गेल्या आठवड्यात खोकला सुरू झाला, तेव्हा बाबाने सांगून टाकलं: रविवारपर्यंत खोली गरम झाली नाही तर आजोबांना रिचमंड हिलला, आमच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर न्यायचं.

आजोबा शांतपणे म्हणाले, "न्यायचं तर खुर्चीसकट न्या. आणि खुर्ची तुमच्या लिफ्टमध्ये मावत नाही. मी मागच्या खेपेला मोजून आलोय."

बाबा हसला नाही. त्याला भीती वाटते ग, तो रागावून दाखवतो एवढंच. आणि मला दोघांचंही पटत होतं. खोकला खरा होता. पण ते घर, ती खोली सुटली तर आजोबांचं काय होईल, हेही दिसत होतं. तू मला ओळखतेस. गॅस बंद केलाय ना हे बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत येते. मी रजा टाकली आणि इथे आले.

त्याआधी एक प्लंबर येऊन गेला होता. भल्या सकाळी आला, रेडिएटरला हात लावला, तर तो चांगला चटका बसेल इतका गरम. "वर्किंग परफेक्टली, सर," म्हणून निघून गेला. जेवणाच्या वेळेपर्यंत रेडिएटर पुन्हा गार. बाबाला वाटलं, आजोबांना उगीच भास होतोय. म्हातारं माणूस थंडी वाजते म्हणालं की सगळे आधी माणसाकडे का बघतात, रेडिएटरकडे का नाही?

मी शाळेत गेले ती थेट पाचवीत. तोवर तुझं स्वयंपाकघरातलं टेबल हीच शाळा. तू उत्तर कधी सांगायची नाहीस. "आधी बघ, मग हात लाव, मग बोल." तेव्हा मला याचा किती राग यायचा! आज तसंच केलं.

आधी वाटलं, आत हवा अडकली असेल. छोट्या किल्लीने वरचा स्क्रू सैल केला. हवा असती तर फुसकन आवाज आला असता. आलं ते सरळ पाणी, माझ्या मोज्यावर. म्हणजे हवा नाही. मग बेसमेंटमध्ये गेले. बॉयलर चालू, बाकीचे सगळे रेडिएटर गरम. तुझ्या खोलीत येणारा पाइपसुद्धा गरम, अगदी रेडिएटरच्या नळापर्यंत. नळाच्या पुढे मात्र गार. गरम पाणी दारापर्यंत येतंय आणि आत कुणी घेत नाहीये. दार लावतंय कोण?

त्या नळावर आकड्यांचं गोल बटण आहे, आठवतं? तू हीट कमी करायचीस, आजोबा वाढवायचे, रोजची कटकट. म्हणून बाबाने मागच्या वर्षी ते बसवलं. खोली पुरेशी तापली की ते आपोआप पाणी बंद करतं. मी ते बटण काढून ठेवलं. थोड्या वेळात रेडिएटर तापला. परत बसवलं, हळूहळू गार. म्हणजे बंद तेच करत होतं. पण का? खोलीत तर माझ्या नाकाचा शेंडा गारठला होता.

मग बटणाला हात लावला. कोमट होतं.

रेडिएटर गार, खोली गार आणि बटण कोमट. मी जमिनीवर बसूनच राहिले, आणि तिथून दिसला दिवा.

तू या खोलीत जिथे शेवटचा श्वास घेतलास तिथे दिवा लावला होता, तेरा दिवसांसाठी. तेराव्यानंतर आई म्हणाली, आता पुरे. आजोबांनी दुसऱ्या दिवशी अंघोळ करून पुन्हा लावला. खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने तो विझायचा, म्हणून त्यांनी तो कोपऱ्यात सरकवला, बरोबर त्या बटणाखाली. शिवाय बिस्किटाच्या डब्याचा पत्रा वाकवून त्याला छान आडोसा केला. इंजिनिअर ना! सगळी ऊब त्या पत्र्यातून थेट बटणावर. बटणाला वाटायचं, खोलीत उन्हाळा आहे. रात्री झोपताना आजोबा दिवा शांत करत, की रेडिएटर तापायचा. प्लंबर आला तो त्यांच्या अंघोळीच्या आधी.

क्षणभर इतका आनंद झाला! पण हे त्यांना सांगायचं कसं? तुमच्या दिव्याने तुमची खोली गार पडते, असं? ते जेवत होते तेवढ्यात दिवा हातभर सरकवता आला असता. पण त्यांच्या नकळत त्या दिव्याला हात लावणं मला जमेना. सगळं शिकवलंस आजी, वाईट वाटेल असं खरं कसं सांगायचं ते तेवढं राहिलं.

शेवटी तुझंच तंत्र वापरलं. जेवून आले तेव्हा म्हटलं, "आजोबा, जरा इथे हात लावून बघता?"

त्यांनी बटणाला हात लावला. मग रेडिएटरला. मग पुन्हा बटणाला. दिव्याकडे बघितलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

मग म्हणाले, "बघ हिचं. हयातभर हीट बंद करत आली, अजून सोडत नाही."

मी हसले, तेही हसले. डोळे मात्र पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"सई, दिवा त्या समोरच्या कपाटावर ठेवला तर चालेल का तिला?"

आजी, मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी मुलगी. हे कसं तपासायचं होतं? कुठला पाइप चाचपायचा? तरी मी म्हटलं, "चालेल." ठामपणे म्हटलं. चाललं ना ग तुला?

दिवा त्यांनी स्वतःच उचलून नेला, पत्र्याच्या आडोशासकट. मी दार लोटून धरलं, वारा येऊ नये म्हणून. आता लिहिते आहे तर रेडिएटर आत कुटकुट वाजतोय, आणि आजोबा बाबाशी फोनवर बोलताहेत: "अरे, एका स्वेटरवर बसलोय. रविवारी येणार असशील तर जेवायला ये. न्यायला नको."

खोकला अजून आहे, उद्या डॉक्टरकडे नेते.

तुला एक वचन देते. मला सगळ्याचं 'का' लागतं, ती सवय तूच लावलीस. पण एखाद्या सकाळी अंघोळीनंतर आजोबांनी दिवा लावला नाही, नुसतेच खुर्चीत येऊन बसले, तर मी का म्हणून विचारणार नाही. चहा करून शेजारी बसेन.

तुझी,
सई