पंधरा फुटी फोर-के

१९ ऑगस्ट
मंडळाने यंदा गेमिंगची स्पर्धा ठेवली आहे. लालबागमध्ये आता हेच बाकी होतं! कार रेसिंग, एलईडी स्क्रीन, आणि कॉम्प्युटर कुणाचा? माझा. एरवी 'प्रितीचं ते खूळ' म्हणणाऱ्यांना अचानक आठवलं की चाळीत बरं ग्राफिक्स कार्ड माझ्याकडेच आहे.

तात्यांना विचारलं, "बघायला याल ना?" वडील माझे रेडिओ लावून बसले होते. "माका त्यातला काय कळता," म्हणाले. वर्षभर हेच. मी खेळायला बसले की हे उठून गॅलरीत. माझं स्पर्धेबिर्धेचं काही नाही. त्यांनी एकदा तरी बघावं, एवढंच.

२१ ऑगस्ट
सेक्रेटरी दौलतदादा बॅनर छापून मोकळे — 'फोर-के महास्पर्धा'! मी म्हटलं, माझ्या कार्डाची मेमरी आठ जीबी. त्यात फोर-के आणि दोघांच्या गाड्या एकाच स्क्रीनवर — भरून जाईल ती. तर म्हणे, "अगं, स्क्रीन पंधरा फुटी आहे! फोर-के कमीच पडेल. एट-के नाही का येत?"

आमच्याकडे सगळं फुटात मोजतात. मूर्ती फुटात, मान फुटात, आता पिक्सेलही फुटात. धन्य!

२३ ऑगस्ट
भाऊरायांचं प्रवचन. विनीत म्हणतो, "मेमरीने काय होत नाय गं. कार्ड फास्ट आहे ना? बस!" एक व्हिडिओ बघून साहेब तज्ज्ञ झाले. लावलं फोर-के. पहिली फेरी मस्त. दुसऱ्या फेरीत मेमरी काठोकाठ — प्रत्येक वळणावर गाडी अडकते आणि मग एकदम उडी मारून भिंतीत! "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल," विनीत. हो, ड्रायव्हर मीच होते ना!

२४ ऑगस्ट
रेझोल्यूशन उतरवलं. तेच कार्ड, तीच गाडी — सुसाट.

२८ ऑगस्ट
स्क्रीन लागली. जवळ जाऊन बघितलं तर एकेक ठिपका साबुदाण्याएवढा. फोर-केला लागतात तेवढे ठिपके यात मावणारच नाहीत! दौलतदादांना सांगितलं. "बॅनरवर छापलंय." विषय संपला.

आता मी गुपचूप रेझोल्यूशन खाली ठेवणार आहे. बाप्पा, सांभाळून घे.

३० ऑगस्ट
जिंकले!! परळच्या राजेशला शेवटच्या वळणावर मागे टाकलं. गाडी एकदाही अडकली नाही. दौलतदादा माईकवर, "याला म्हणतात फोर-के!" विनीत, "बघ, पुरली ना आठ जीबी?" मी आपली मान डोलावली. विद्वानांशी कोण वाद घालणार?

आणि तात्या आले होते! पहिल्या रांगेत, शेवटपर्यंत. टाळ्या वाजवत होते. घरी विचारलं, कसं दिसलं? "एकदम क्लिअर!" मला रडूच आलं. सकाळपासून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, ते सगळं विसरले.

११ सप्टेंबर
तात्या जिन्यात धडपडले म्हणून आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. "वर्षभर तरी यांना धड दिसत नसणार," डॉक्टर म्हणाल्या.

मी तात्यांकडे बघितलं. "मग त्या दिवशी काय बघत होतात?"

"दिसाक काय नाय दिसला," तात्या म्हणाले. "पण सगळी चाळ तुझा नाव घेत होती ना गो."