कवटीचा गळपट्टा

१२ नोव्हेंबर
मुक्ताचा गळपट्टा अखेर सुईवर चढला. डोक्यातून घालायचा, बिनजोडाचा. एकशे वीस टाके, गोल सुई, करडी नि पांढरी लोकर. पोरगी वेल्सला शिकते. तिथल्या जानेवारीतल्या खेळात उतरायचंय तिला. काठीवर घोड्याची कवटी, खाली पांढरी चादर, रंगीत फिती. मारी लुइड म्हणतात. दारोदार गात जायचं, आतल्यांनी गाऊनच अडवायचं, ते हरले की दार उघडायचं. आमच्या गावात नंदीबैलाला कोणी अडवत नसे. नक्षीत तीच कवटी हवी म्हणे. "बाबा, सगळ्यांना सांगितलंय, माय डॅड निट्स!" शाळेत बाईंनी मुलग्यांच्याही हातात सुया दिल्या, ते आता कामी आलं.

१९ नोव्हें.
पूजेनंतर तासभर देवघराशेजारी. दुबईतल्या करामाच्या या फ्लॅटमध्ये सकाळचा उजेड तिथेच. टाक्यागणिक नाम. चाळीस फेऱ्या झाल्या. दात उमटले.

२१ नोव्हें.
ऑफिसातून आलो तर सुईवर नुसता काठ. मुक्ताच्या आईने बाकी सगळं उसवून ठेवलेलं. लोकरीचे गोळेसुद्धा नीट गुंडाळलेले. त्याचाच जास्त राग आला.
"लग्नाची पोरगी गळ्यात कवटी घालणार? आणि तीही देवांसमोर बसून विणता?"
"विचारायचं तरी, सुनीता."
"तुम्ही विचारलंत?"
चाळीस फेऱ्यांचं नाम होतं त्यात. हे तिला सांगितलं नाही. जेवलो नाही.

२३ नोव्हें.
अबोला. सुनीताने फोनवर सगळं सांगितलं, तर मुक्ता उलट हसतेय. "रिलॅक्स आई, इट्स जस्ट अ हॉर्स."
"मग जिवंत घाल की!"
"दॅट्स द होल पॉइंट, आई. ती मेलेली असते, तरी घरात घ्या म्हणते."
पोरीवरही ओरडलो. इथे घर पेटलंय नि हिला पॉइंट सुचतोय.

२९ नोव्हें.
परत सुरुवात केली होती. सिलिकॉन ओएसिसला, ऑफिसच्या पॅन्ट्रीत, सगळे यायच्या आधी. आज ऑफिसातल्या पिल्लईने पाहिलं. "हबीबी, दुबई में स्वेटर?" हसलो नाही. नाम ओठांवर येत नाही. टाक्यागणिक सुनीताचं बोलणं. रंग बदलताना मागचा धागा सैल सोडायचा, हाताला पाठ आहे. तरी ओढतच गेलो. डोक्यातून घालून पाहिला, कानांवर अडकला. या वेळी मीच उसवला.

८ डिसें.
झाला. कवटी, दात, फिती, सगळं. धागे सैल आहेत. मी नाही.
देवापुढे ठेवायला गेलो आणि हात थबकला. म्हणजे मलाही कुठेतरी... लिहवत नाही. स्वतःचाच संताप येतो.
उद्या सकाळी सुनीताची भाची येईल. ती वेल्सलाच चाललीय. सुनीता मुक्तासाठी लाडू-चिवड्याची पिशवी भरत होती. गळपट्टा शेजारी ठेवला.
"हाही घाल."
"आता उसवणार नाही मी. पण माझ्या हाताने घालायचीही नाही. तुम्ही घाला."
"नाही. तूच घालायचा."
"का म्हणून?"
"उसवलास तू. आत घ्यायचाही तूच." ती आत गेली. पिशवीचं तोंड अजून उघडंच आहे.