चौथा सिंह

मी, धोंडिराम सटवाजी बनसोडे, वय वर्षे साठ, धर्म बौद्ध, एस.टी.चा सेवानिवृत्त कंडक्टर, राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, आज रविवारी माझ्या हाताने, कोणाचाही दाब नसताना, पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. आठ दिवस मी घरात शीळ घालत फिरतो म्हणून पत्नीला थोडी शंका आहे, पण ती शंका या कागदाच्या आड येऊ नये.

मी आजारी नाही. परवा मंगळवारी मी आगगाडीने पुण्याला, तिथून दिल्लीला आणि पुढे बनारसजवळच्या सारनाथला निघालो आहे. सत्तावीस वर्षे सातारा, वाई, रहिमतपूर, मिरज एवढ्याच रस्त्यांवर तिकिटे फाडली. चिरंजीव कृष्णात म्हणाला, "दादा, जावा, पर घराचं काय ते आदी लिवून ठिवा." त्याचे बरोबर आहे. लिहिल्याशिवाय तो पिशवी भरू देईना, म्हणून घाईने लिहितो.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागचे न्हाणीघर, पत्नी अंजना हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिला कोणीही "आमच्याकडे चल" म्हणून हलवू नये. तिच्या पश्चात कृष्णात व कन्या बनुबाई यांना निम्मे निम्मे. अंजनालाही मी चल म्हणालो होतो. पण कंडक्टरची बायको असून तिला गाडी लागते. वाईला लेकीकडे पोचेपर्यंत लिंबू संपते, तर दिल्लीला काय होईल, असे तीच म्हणाली.

कलम २. पोस्टातील शिल्लक अंजनाची. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझी बॅटरी, छत्री आणि हातातले घड्याळ कृष्णातला. घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे. मी मुद्दाम ठेवले आहे, त्याने मागे करू नये.

कलम ४. धान्य पिकवा, कुटुंब लहान ठेवा अशा मजकुराची सरकारने काढलेली खास नाणी डब्यात आहेत, ती नातवंडांना. त्यांवर जाऊन बघण्याजोगे कुठलेही ठिकाण नाही. कुटुंबच बघायचे तर आमच्या घरात भरपूर आहे.

कलम ५. रहिमतपूर स्टँडसमोरच्या एका दुकानदाराला माझ्याकडून काहीही जाऊ नये. त्याचे नाव लिहीत नाही, त्याला कळेल. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, म्हणजे बहात्तर साली, सरकारने पन्नास पैशांचे नवे नाणे काढले. हरणाबाई नावाची दही विकणारी बाई ते घेऊन गेली, तर याने "खोटं हाय" म्हणून तिच्या अंगावर टाकले. आणखी दोन दुकानांतही तेच झाले. ती रडवेली होऊन माझ्या गाडीत बसली. मी माझ्या खिशातली चार आण्यांची दोन नाणी एस.टी.च्या पैशाच्या पिशवीत टाकली, तिचे तिकीट फाडले आणि नाणे ठेवून घेतले.

त्या नाण्याच्या एका बाजूला झेंडा आणि दिल्लीचे संसद भवन, दुसऱ्या बाजूला सारनाथचे सिंह. कोरेगावच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मी ते ड्रायव्हर यल्लाप्पा बिरादार याला दाखवले. त्याने स्टिअरिंगवर ठेवून उलटसुलट केले आणि म्हणाला, "दोन्ही जागा बघायच्या गड्या. ही माजी, ती तुजी." तथागतांनी पहिला उपदेश केला ती जागा माझी, संसद त्याची. निवृत्तीनंतर बरोबर जायचे ठरले. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली आहे. सिंह चार आहेत, पण नाण्यावर तीनच दिसतात. चौथा कायम पाठीमागे. सारनाथला ते खरे सिंह ठेवलेले आहेत. मला मागे जाऊन तो चौथा बघायचा आहे.

कलम ६. हे देणे नव्हे, कबुली आहे. चौऱ्याहत्तर साली नाणे माझ्या खिशातून नाहीसे झाले. यल्लाप्पाला तंबाखूचे व्यसन. मी भर कँटीनमध्ये, वीस माणसांसमोर म्हणालो की याने माझे नाणे पानपट्टीवर मोडले. तो चहा तसाच ठेवून उठला, मिरजेला बदली मागून घेतली आणि आजपावेतो माझ्याशी बोललेला नाही. ज्या काळी माझा डबा वेगळ्या फळीवर ठेवत, त्या काळी पहिल्याच दिवशी त्याने माझ्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली होती. त्या माणसाला मी चोर म्हणालो.

गेल्या महिन्यात अंजनाने गोधडीसाठी माझा जुना खाकी कोट उसवला. अस्तरातून नाणे पडले. खिसा फाटका होता. चूक सर्वस्वी माझी. मला लाज वाटते. हे तोंडाने सांगायला मिरजेला दोनदा गेलो आणि त्याच्या गल्लीच्या तोंडाशी चहा पिऊन परत आलो.

कलम ७. सदर पन्नास पैशांचे नाणे यल्लाप्पा बसगोंडा बिरादार, राहणार मिरज, यास द्यावे.

मंगळवारच्या गाडीत मी दोन जागा राखल्या आहेत. यल्लाप्पाला कार्ड टाकले, त्यात "साक्षीला ये" एवढेच लिहिण्याचे धाडस झाले. उत्तर नाही. दुसरी जागा मोकळी गेली तर मी जाईन, पण संसद भवनासमोर एकट्याने काय करू, मला समजत नाही.

इथवर लिहिले आणि दुपारच्या गाडीने यल्लाप्पा आला. पुढचे लिहू नये असे भाऊसो माने म्हणतात. ते कोर्टातले जुने कारकून, पहिली साक्ष त्यांची. पण मृत्युपत्र माझे आहे.

तो बाजेवर बसला, पाणी प्यायला, माझ्याकडे बघितले नाही. मी कागद पुढे केला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून वाचला. सहावे कलम दोनदा वाचले. नंतर त्याने सहीला लेखणी मागितली. भाऊसोंनी अडवले. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष घालू नये, उद्या कोणी हरकत घेईल. त्याने नाणे तरी घ्यावे, नाहीतर साक्ष तरी द्यावी.

यल्लाप्पाने कागद पुन्हा लांब धरून सातवे कलम वाचले.

"नाण्याचं कलम खोडा," तो भाऊसोंना म्हणाला. मग चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "माजी जागा आदी बघायची. दिल्ली वाटंतच हाय न्हवं?"

मी मान हलवली. आत अंजना दशम्या थापायला बसली.

सबब कलम ७ खोडले. ही खोडाखोड मला मान्य आहे, फार फार मान्य आहे. नाण्याची व्यवस्था आम्ही दोघे परत आल्यावर करू. बाकी मजकूर कायम.

ठिकाण : रहिमतपूर
तारीख : ३ डिसेंबर १९७८

(सही) धोंडिराम सटवाजी बनसोडे

साक्षीदार :
१. (सही) भाऊसो गणू माने, राहणार रहिमतपूर
२. (सही) यल्लाप्पा बसगोंडा बिरादार, राहणार मिरज, मंगळवारपासून धोंडिरामच्या शेजारच्या जागेवर