कोयता घेऊन फिरायला

१८ नोव्हेंबर, सोमवार
ऑपरेशन नको. नको म्हणजे नको!
महाडच्या रिझवाना डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकलीय, नस दबलीय. म्हणूनच डाव्या पायातली चप्पल निघाली तरी मला कळत नाही. शिलाई मशीनवर वर्षानुवर्षं वाकून बसल्याचं बक्षीस! मी विचारलं, तेल चोळू का? म्हणाल्या, "चोळा की. पण चाला. पाठीचे स्नायू ढिले पडलेत, सगळा भार मणक्यांवर येतोय. चाललात की स्नायू घट्ट होतील, मणक्याभोवती रक्त खेळेल. रोज, सपाट चपलेत, मान वर ठेवून. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं भरभर." दोन महिने दिलेत. पायातली बधिरता गेली नाही तर ऑपरेशन.
हर्षदचा दुबईहून फोन. "आई, तिकीट काढू का?" म्हटलं, तू काम कर, मी चालते. फोन ठेवला आणि रडले थोडी.

१९ नोव्हेंबर
हे पहाटेच्या पाळीला कंपनीत गेले आणि मी निघाले. देवळापर्यंतही पोचले नव्हते, तोच दूधवाल्या सहदेवची मोटारसायकल थांबली. "काकू, बसा." नको म्हटलं. "अवो बसा, लाजताय काय!" बसले. काय करणार! महाडला उतरले आणि आठवलं, आपलं इथं काहीच काम नाही. कोथिंबीर घेतली, मिनीडोर रिक्षाने परत आले. खड्ड्यांनी पाठीची पार वाट लावली.

२१ नोव्हेंबर
आज मुरादभाईंची मिनीडोर. गच्च भरलेली, तरी माझ्यासाठी माणसं आक्रसून बसली. मागे बसलेल्या म्हाताऱ्याने तर बोचकं मांडीवर घेतलं. आता अशा लोकांना नाही कसं म्हणायचं?
पुन्हा कोथिंबीर. हे म्हणाले, "दुकान टाकायचा विचार आहे का?"

२२ नोव्हेंबर
आज मन घट्ट केलं. मुरादभाईंना नाही म्हटलं आणि चालत राहिले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं— अनुपमाचं आणि मुरादचं वाजलं! बिचारे स्वतः दारात आले. "भाभी, माझं काय चुकलं?" चहा केला, सगळं समजावलं. त्यांनी शेवटचा घोट घेतला. "म्हणजे कुठं जायचंच नाय, तरी चालायचं?" आमच्या गावात काम नसताना फक्त म्हशी फिरतात, हे मी विसरले होते.

२५ नोव्हेंबर
सापडलं!
हातात कोयता घेतला. कोयतेवाल्या बाईला कोणी गाडीवर बोलवत नाही. ती राबासाठी, भाताचा वाफा भाजायला, फांद्या तोडायला चाललीय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सहदेव नुसता हॉर्न वाजवून गेला. मी शेतवाटेने थेट नदीपर्यंत जाऊन आले, काडीही न तोडता. परत येताना हसू आवरेना.

३० नोव्हेंबर
घात झाला. नदीच्या वाटेवर आमच्या आणि थोरल्या जाऊबाईंच्या सामाईक बांधावर ऐनाचं झाड आहे. वाटणीत ते कोणाचं, यावरून या जाऊबाई, म्हणजे हर्षदची मोठीआई तुळजाआक्का, आणि मी कित्येक वर्षं बोलत नाही. आज आक्का त्या झाडाखाली कमरेवर हात ठेवून उभ्या!
"कोयता कशाला गो? माझा ऐन छाटायचा हाय?"
"तुमचा कधी झाला?"
"तुझ्या सासऱ्याला इचार वर जाऊन!"
मी तरातरा पुढे निघाले. तर या मागोमाग. नदीपर्यंत आणि परत! मी झाडाला हात लावेन म्हणून पहारा. मेली खोड जात नाही. पण इतकी भरभर मी लग्नानंतर कधी चालले नसेन.

७ डिसेंबर
पहारा चालूच. रोज नवा विषय. काल सासूबाईंची पाटली, आज माझ्या लग्नातलं आळणी वरण. ते वरण आक्कांनीच केलं होतं, हे मी सांगितलं. त्यावर नदी कधी आली कळलंच नाही.
सकाळी उठताना खाट धरावी लागत नाही आता. मशीनवर दोन ब्लाउजं शिवते आणि उठून अंगणात फेरी मारते. डॉक्टरांनीच सांगितलंय.

१५ डिसेंबर
ओढ्यातल्या दगडावर डावा पाय घसरला. आक्कांनी मनगट असं धरलं की बांगडी वाढली. मी उभी राहिल्यावर लगेच सोडलं. "पडली असतीस म्हणजे गाव माझ्या नावानं बोंबलला असता." 'उपकार झाले' म्हणायचं होतं, पण तोंडातून "तुम्ही मागे नसता तर मी घसरलेच नसते" असं गेलं. मीही काही कमी नाही.

२ जानेवारी, गुरुवार
डाव्या तळव्याला खडा टोचला. टोचला! कळला! तिथेच खाली बसून खडा हातात घेतला. आक्का म्हणाल्या, "काय गो, सोनं गावलं?" मी सांगितलं, पायाला कळतंय मला. त्यांनी तोंड फिरवलं. डोळ्यात काही गेलं म्हणाल्या.
वालाच्या शेंगा भरल्यात. सगळं रान बरं दिसत होतं आज.

१४ जानेवारी
संक्रांत. चालता चालता आक्कांच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी खाल्ला. "गोडबिड नाय हा बोलणार मी." कसली बाई आहे! पण खरं लिहायचं तर, काल त्यांना यायला थोडा उशीर झाला तेव्हा मी झाडाखाली थांबून राहिले होते.

२० जानेवारी, सोमवार
ऑपरेशन नाही! रिझवाना डॉक्टरांनी पाय उचलून बघितला, तळव्यावर काडी फिरवली, टाचांवर चालायला लावलं. "छान. पण आता चालणं सोडायचं नाही, जन्मभर." वर विचारलं, एवढा वेग कसा ठेवलात? म्हटलं, आमच्या घरातलं आहे, सांगण्यासारखं नाही.
येताना मुरादभाईंनी पैसे घेतले नाहीत. कोथिंबीर मात्र घेतली मी, सवयीने.

२१ जानेवारी
हर्षदला फोन केला. ऑपरेशन टळलं म्हटलं. पोरगा म्हणाला, "मोठीआईला सांगितलंस का? मीच तिला फोन केला होता, आई एकटी चालते, पाय बधिर आहे, ओढ्यात पडेल. ती म्हणाली, तुझ्या आयशीला कळू देऊ नको, मी हाय. अन् भांडण नाय सोडायची मी. भांडताना ती भरभर चालते."
कळल्याचं मी काही सांगणार नाही. उद्या कशावरून भांडायचं, ते मात्र ठरवून ठेवलंय.