धूर दिसला का?

आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि तू होतीस तोवर मलाही येत नव्हतं. अक्षरं मी पुढे शिकले, लेकीच्या पाटीवर, तिचीच बोलणी खात. हे तू वाचणार नाहीस, म्हणून तर लिहायचा धीर होतोय.

गावातल्या गावात दिलेली मी तुझी एकुलती लेक. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. त्या दुष्काळी साली तुला म्हटलं, एकटी राहू नकोस, चल. तर माझ्यावरच उखडलीस. "तिकडं पाचटाच्या कोपीत मरू व्हय? माझ्या घरात मरंन. पन एवढ्यात न्हाई!" मग आळीतल्या चौघी आपल्या ओट्यावर जमल्या आणि पाळ्या लावल्या. भाकरी एकीची, पाण्याचा हंडा दुसरीचा, पाय चोळून द्यायला तिसरी, झाडलोटीला चौथी. समोरची मावशी, जिच्या जिभेला कोयत्याची धार, ती म्हणाली, "भाकरी आमी देनार, मग म्हातारी चूल कशाला पेटवील? अन चूल न्हाई तर उठली का न्हाई आमाला कळायचं कसं?" तू म्हणालीस, "कोरा चहा करीन की. धूर दिसला की समजा, हाय." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

 उसाच्या फडात रोज सकाळी हात मोळी बांधायचे आणि डोळ्यांपुढे आपलं माळवद, त्यावरचं धुराडं. गावाकडून कुणी आलं की मी आधी त्याचं तोंड बघायची, मग बोलायची. नवरा चिडायचा, "चांगल्या दिसाला अभद्र काय बोलती?" मी तसं काही बोलतच नव्हते, नुसती भीत होते.

हंगाम संपला. ट्रकनं सकाळी फाट्यावर उतरवलं. नवरा सामानाशी थांबला, मी चालत पुढे आले. आळीत सामसूम आहे, बाया पहाटेच दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्यात. मी पाराजवळ येते, वर बघते. धुराडं कोरं. ऊन पारावरच्या लिंबाच्या शेंड्यावरून खाली उतरलंय आणि धूर नाही.

तेवढ्यात समोरची मावशी विहिरीवरून आली. तुझ्या पाण्याची पाळी तिची होती. तिनं वर बघितलं आणि डोक्यावरचा भरला हंडा तिथंच टाकला. त्या साली, आये, भरला हंडा! "अगं, धूर न्हाई!" म्हणत ती पळाली, तिच्यामागं मी. तू चुलीपाशी आडवी होतीस, खुबा मोडलेला, काडेपेटी मुठीत. डोळे उघडून आधी मावशीला विचारलंस, "पानी सांडलं व्हय गं माझ्यापायी?" मग मला, "कवा आलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले.

पुढची दोन वर्षं तू अंथरुणावर काढलीस, पण आपल्याच घरात. आळीनं तुला तिथून कधी हलवू दिलं नाही. मावशी तर वेणी घालतानाही भांडायची तुझ्याशी.

आता मी तुझ्याहून म्हातारी झाले. लेक सुप्याला कंपनीत आहे, ये म्हणते, मी तुझ्यासारखीच उखडते. इथल्या बायांनी पाळ्या लावल्यात. गॅसला कसला धूर? म्हणून सकाळी उठले की मोबाईलवर 'उठले' असं पाठवायचं. परवा डोळा लागला, राहून गेलं. शेजारणीच्या चपला दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. कडी वाजेना. अंथरुणात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ते थांबणं माझ्या ओळखीचं आहे.

हा कागद काडेपेटीच्या कोनाड्यात ठेवते. आये, मी आत्ताच आले नव्हते. ऊन लिंबाच्या शेंड्यावर होतं तेव्हाच आले होते. धूर नाही बघून पाराला टेकून बसले, डोळे मिटून, दुसरं कुणीतरी आधी आत जावं म्हणून.