तुझ्या पाटावर मी बसलो

सिडको, छत्रपती संभाजीनगर

प्रिय दत्ता,

आज दुपारी मी तुझा पितर म्हणून जेवलो. घरी आलो, तुझ्या घरच्यांनी पितराला म्हणून दिलेली टोपी खुंटीला अडकवली आणि तसाच बसून राहिलो. हे कुणाला सांगावं याचा विचार केला, तर तूच आठवलास. म्हणून लिहितोय.

वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा हा पहिलाच पितृपक्ष. तुझ्या तिथीला पितर म्हणून कुणाला बसवायचं यावर तुमच्याकडं बरंच बोलणं झालं म्हणे. भावकीतले दोघं तयार होते, पण तुझ्या आईनं, अक्कांनी, कुणाचं ऐकलं नाही. वहिनींनी मला फोन केला, तेव्हा मागून अक्कांचाच आवाज येत होता. "त्याला म्हणावं, उपाशीपोटी ये. माझ्या दत्त्याच्या जागी केशाच बसंल. दुसरं कुणी नाय."

मी हो म्हणालो. तू गेल्यापासून मी सगळ्यालाच हो म्हणतो.

वाळूजला कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावता लावता तू खाली बसलास. मीच उचललं तुला. दवाखान्यापर्यंत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या दिवसापासून माझ्या आतला मेन स्विच कुणीतरी पाडल्यासारखं झालंय. कामावर जातो, संध्याकाळी देवापुढं बसतो, जेवतो. भाजीत मीठ आहे का, हे बायकोला विचारावं लागतं. अजून रडलो नाही. तुला याचं वाईट वाटतं का रे?

देवगाव रंगारीच्या शाळेत एका तरटावर बसलेले आपण दोघं इटलीला जाऊ, असं आपल्या गुरुजींना तरी वाटलं असेल का? तिकडून नवीन मशीन यायचं होतं आणि ते शिकायला कंपनीनं आपल्याला पाठवलं. मी बॅगेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरली. तू काहीच घेतलं नाहीस. "तिकडचं खायला जागा ठेवलीय," म्हणालास.

त्या छोट्या गावातली खाणावळवाली बाई आठवते? तू तिच्या पास्त्यावर माझी चटणी भुरभुरलीस. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग बोटानं चाखली, खोकली, पाणी पिली आणि पुन्हा बोट पुढं केलं. दुसऱ्या दिवशी आपण गेलो तर तिनं आधी चटणीचा डबा मागितला. परत येईपर्यंत माझी चटणी तिनं आणि तू मिळून संपवली. मी मात्र तुझ्या पास्त्याला हात लावला नाही. कशात काय असेल, या भीतीनं दशम्याच चावत बसलो.

संध्याकाळी तिथले लोक आपल्यासाठी ग्लास मागवायचे. त्यात नारिंगी रंगाची कसलीतरी दारू, बर्फ, सोडा आणि संत्र्याची फोड. स्प्रिट्झ म्हणायचे त्याला. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. पाहुण्यानं नाही कसं म्हणायचं, म्हणून मी अवघडून बसायचो. तू माझा ग्लास स्वतःकडं ओढायचास आणि त्यांना सांगायचास, "हिज शेअर, माय डिपार्टमेंट." ते टेबलावर थापा मारून हसायचे.

"कसं लागतं रे?" मी एकदा विचारलं होतं.

"कारल्यासारखं. आधी कडू, मग सोडवत नाही."

इतक्या वर्षांत एकदाही मला "घे की" म्हणाला नाहीस. इकडं आल्यावर गच्चीवर मित्रांना बोलावून नाना रंगांचे कॉकटेल करायचास. दशम्यांचा डबा धुऊन त्यातच बर्फ घालून हलवायचास, वर माझ्याकडं बघून म्हणायचास, "डबा तुझाच आहे, पाप अर्धं-अर्धं." मला आमसूल घातलेला सोडा वेगळा करून द्यायचास. मग स्वयंपाकघरात शिरून पास्त्याचा सॉस करायचास. त्या खाणावळवालीच्या सॉसमधला वास इथं कुठं मिळत नव्हता. एक दिवस दर्ग्याजवळच्या फुलवाल्याकडं सब्जाची जुडी हुंगलीस आणि रस्त्यातच ओरडलास, "केशा, हाच तो." तेव्हापासून तुमच्या घरी चादरीवर वाहायचा सब्जा टोमॅटोत पडायला लागला. अक्का म्हणायच्या, "काय रं, पिराचा पाला खातूस व्हय?" आणि वाटीभर वाढून घ्यायच्या.

रिटायर झालो की बायकांना घेऊन पुन्हा जाऊ, अक्कांनाही व्हेनिसच्या होडीत बसवू, असं तूच ठरवलं होतंस ना? माझा नवा पासपोर्ट तू गेल्यावर घरी आला. कपाटात आहे. काय करू मी त्याचं?

तर आजचं सांगतो. वहिनींनी माझे पाय धुतले. मला कसंतरी झालं, पण पितरानं पाय मागं घ्यायचे नसतात. पाटावर बसलो. समोर तुझा फोटो. ताटात खीर, कढी, वडे, गवार-भोपळ्याची भाजी आणि मधोमध पास्ता. तुझ्या ऋतुजानं सकाळपासून खपून केलेला. "पप्पांना आवडायचं ते पाहिजेच," असं तिनं आजीला सांगितलं होतं. अक्कांनी अट घातली होती, पितराच्या जेवणात लसूण चालणार नाही. बिनलसणाचा सॉस तू कधी खाल्ला असतास का?

अक्कांनी पितरांच्या नावानं निखाऱ्यावर तूप-घासाची आगारी टाकली. कावळ्यासाठी घासाचं पान वाढलं. आणि ऋतुजानं माझ्या ताटाशेजारी दोन ग्लास आणून ठेवले. नारिंगी. बर्फ, संत्र्याची फोड, सगळं तसंच. कडू बाटली तू पुण्याहून आणून ठेवलेलीच होती.

मी ग्लासांकडं बघत राहिलो. पितरानं ताटात टाकायचं नसतं, तो अर्धपोटी उठला तर तिकडं गेलेला उपाशी राहतो, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. पाटावर तू होतास, दत्ता. गळ्यातली माळ माझी होती. इतकी वर्षं माझा वाटा तू घेतलास. आज तुझा माझ्यापुढं आला आणि घ्यायला शेजारी कुणी नव्हतं.

"दोन कशाला गं?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"तुमच्या इटलीच्या फोटोत पप्पांच्या पुढं दोन ग्लास आहेत ना, काका."

"त्यातला एक माझा होता. तुझा बाप माझाही प्यायचा."

आपलं चुकलं असं तिला वाटलं असावं. वहिनी ग्लास उचलायला वाकल्या, तर अक्कांनी हात धरला. बराच वेळ त्यांनी माझ्या माळेकडं बघितलं, मग फोटोकडं.

"दोघांचं तोच पित होता व्हय?"

"हो अक्का."

"मंग दोन्ही त्याच्याकडंच जाऊ द्या. ठेव गं घासापाशी. केशा, तू जेव."

ऋतुजा पान आणि ग्लास घेऊन गच्चीवर गेली. आम्ही खाली थांबलो. थोड्या वेळानं तिनं वरून हाक दिली, "आला."

"काय नेलं?" अक्कांनी विचारलं.

"वडा. पास्त्याला शिवला नाही. ग्लासात चोच घातली आणि मान झटकली."

"कडू असंल," अक्का म्हणाल्या. "जेव बाबा."

मग मी जेवलो. सगळ्यात आधी पास्ता घेतला, जो तुझ्यासमोर कधीच खाल्ला नव्हता. सब्जाचा वास आला. दुसऱ्या घासाला कळलं, पोरीकडून मीठ जास्त पडलंय. मी थांबलो. पुन्हा खाल्लं. खरंच जास्त होतं. बायकोला न विचारता, माझं मला कळलं. कुणाला काही बोललो नाही. ताट चाटूनपुसून संपवलं.

रडू आजही आलं नाही. घरी आल्यावर तांब्याभर पाणी पिलो. तहान मात्र लागली होती.

पुढच्या वर्षी तुझ्या पाटावर मीच बसेन. तुझं ताट संपवेन, ग्लास दोन्ही वर पाठवेन. सब्जा आदल्या दिवशी मी आणेन आणि सॉस करताना ऋतुजाजवळ उभा राहीन. मीठ मी बघेन.

तुझा,
केशव