आतलं पाकीट

ब्रॅनिकटाउन, ८ ऑक्टोबर

प्रिय सिरिल,

अनेक आशीर्वाद. तब्येत विचारत नाही, कारण तीन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस. नर्स रोझली फोनवर सांगते तेवढं कळतं: गुडघा तसाच, तोंडही तसंच.

आता कामाचं. चार नोव्हेंबरच्या मतदानात शेवटचा प्रश्न तुमच्या वृद्धाश्रमाचा आहे. काउंटीने तो कराच्या पैशातून चालू ठेवायचा की बंद करायचा. बंद झाला तर तुम्हाला नदीपलीकडच्या आश्रमात हलवणार, इथून तीन तासांवर. मी आता हमरस्त्यावर गाडी घालत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुला मतदानाला अग्निशमन दलाच्या हॉलपर्यंत कोण आणणार? म्हणून टपालाने मत दे. सोबत अर्ज आहे. नाव, जन्मतारीख, आश्रमाचा पत्ता भर, सही कर आणि लगेच पाठव. मग मतपत्रिका येईल, तिच्याबरोबर दोन पाकिटं. खूण केलेली मतपत्रिका आतल्या पाकिटात घालायची, त्यावर 'अधिकृत मतपत्रिका' एवढंच छापलेलं असतं, आपण एक अक्षर लिहायचं नाही. ते बाहेरच्या पाकिटात घालून चिकटवायचं, आणि बाहेरच्यावर सही अन् तारीख. मतदानाच्या मंगळवारी रात्री आठपर्यंत निवडणूक ऑफिसात पोचलं पाहिजे. मी नेऊन देईन म्हटलं तर कायद्याला चालत नाही. तुझ्या जेवणाच्या टेबलावरच्या मंडळींनाही सांग, ते तुझं ऐकतात.

लिहायचा कागद आणि स्टँपची पट्टी घातली आहे. वाटलं तर मलाही चार ओळी लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी ताई,
बर्नाडीन

---

७ नोव्हेंबर

प्रिय सिरिल,

अनेक आशीर्वाद. इथे थंडी पडली. चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या पिरोही, त्या बटाट्याच्या करंज्या, लाटायला आता आम्ही चौघीच उरलो आहोत. हेलनला कडा नीट दाबता येत नाहीत, तिच्या पिरोही उकळताना फुटतात, त्या आम्हीच खाऊन टाकतो.

निकाल तुला कळलाच असेल. चार मतांनी हरलो. एकतीस जानेवारीला आश्रमाला कुलूप.

मी बुधवारी निवडणूक ऑफिसात गेले होते. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, टपालाची सात मतं बाजूला काढलीत. आतलं पाकीटच नव्हतं, तशी मोजता येत नाहीत."

"कुणाची?"

"नावं सांगता येत नाहीत. सगळी आश्रमातून आली होती."

घरी येऊन रोझलीला फोन केला. तिला हसू येत होतं बिचारीला, तिला निकाल माहीत नव्हता. म्हणाली, "तुमच्या भावानं सगळ्या टेबलाला शहाणपण शिकवलं. म्हणाला, पाकिटात पाकीट ही कागदाची नासाडी आहे, कारखान्यात असलं केलं असतं तर फोरमननं हाकललं असतं. बर्नाला शाळेपासून नियमांचं वेड आहे. ती आतली पाकिटं ठेवा, घरी पत्रं लिहू, स्टँप आहेतच."

मी कागद पाठवला, स्टँप पाठवले. पाकिटं घालायची विसरले.

आता खरं सांगते. तुझं पत्र मला शनिवारीच मिळालं होतं. मतदानाच्या तीन दिवस आधी. तुझं अक्षर दिसलं आणि माझा धीर सुटला. मी ते पालथं करून साखरेच्या डब्यामागे ठेवलं. वाटलं, तीन वर्षांच्या शिव्या असतील, मतदान होऊन जाऊ दे, मग वाचू. बुधवारी रोझलीशी बोलून झाल्यावर ते सुलटं केलं. माझ्या पत्त्याच्या वरच छापलेलं होतं: अधिकृत मतपत्रिका. शनिवारी नुसतं नीट पाहिलं असतं तर तुम्हा सातही जणांची मतं मंगळवारपर्यंत पुन्हा देता आली असती. परत जाऊन त्या खिडकीतल्या मुलीला विचारून आले मी.

आणि आत शिव्या नव्हत्या. तू लिहिलंस, "बर्ना, राग गेला. एखाद्या रविवारी ये. कोबीत गुंडाळलेला खिमा आण, इथला गिळवत नाही."

तुला आश्रमात सोडलं त्या दिवशी मी म्हणाले होते, दोनच आठवडे, गुडघा बरा होईपर्यंत. तू गाडीत मागे बसला होतास, माझ्या शेजारी बसायला तयार नव्हतास. मला तेव्हाही माहीत होतं की दोन आठवडे नाहीत. हे मी आजवर कबूल केलं नाही. तुला घरी आणावं म्हणून काल जिन्याकडे बघत बसले होते. मलाच तो बसून उतरावा लागतो.

परवा रविवारी हेलनचा मुलगा मला आणून सोडेल. खिमा रांधून आणते. टेबलावर तू कुणाला काही सांगू नकोस, चूक कुणाची ते मी सांगेन. जानेवारीपर्यंत जितके रविवार आहेत तितके येईन. पुढचे माझ्या हातात नाहीत.

ते पाकीट फेकवत नाही. तू मला माफ केलंस, ते त्याच्यात घालून.

तुला दोनदा फसवणारी,
बर्ना